पुढची खोली हलिमाबीची

मी, बादशाह कासम पिंजारी, वय ७६, गादी कारखानदार (कारखाना बंद), राहणार बारामती, डोके शाबूत असताना, कुणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. गुडघे शाबूत नाहीत, पण वकील म्हणाले, त्याची कायद्याला गरज नाही.

१) दुकान आणि कापूस पिंजायचे यंत्र थोरल्या आफताबला. तो फोमच्या गाद्या विकतो. यंत्र भंगारात घालेल, मला माहीत आहे. माझे डोळे मिटेपर्यंत थांबावे.

२) इंदापूरचे घर धाकट्या शहबाजला. तो तिथेच राहतो.

३) मुले वेगळी झाली तेव्हा भांड्यांबरोबर आमचीही वाटणी झाली. शहबाज म्हणाला, "अम्मीला मी नेतो. पोरं ल्हान हायती, बघायला कुणी न्हाय." आफताब म्हणाला, "मग अब्बा हितं ऱ्हातील. गल्ल्यावर घरचं माणूस पायजे." दोघांचेही खरे होते. पोरे मोठी झाली की परत एकत्र राहू, असे समजून आम्ही नवराबायकोने माना डोलावल्या.

पोरे आता कॉलेजात जातात. गल्ल्यावर नोकर बसतो. वाटणी मात्र तशीच राहिली. आफताबला विचारले तर बायकोकडे बोट दाखवून म्हणतो, "रुक्सारनं दोघांचं कसं करायचं, अब्बा?" शहबाजही तेच म्हणतो. हलिमाबीची खाट तिकडे गॅलरीत आहे. सुनेच्या फोनवरून ती विचारते, "जेवलासा का?" मी म्हणतो, "व्हय." तेवढ्यात सून फोन मागून घेते. मला आता जगण्याचा कंटाळा आला आहे.

४) बारामतीच्या या घराची पुढची खोली आणि तिथली शेवरीच्या कापसाची गादी पत्नी हलिमाबीला. गादी मी तिच्यासाठीच शिवली. गॅलरीत भिजेल म्हणून पाठवली नाही. बायकोला मृत्युपत्राने खोली द्यायची तर आपल्या कायद्यात मुलांची संमती लागते म्हणतात. माझ्या माघारी देतील, असा भरवसा मला नाही.

५) आपल्यात नवरा गेल्यावर बाई इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्याच्या घरात काढते. तेव्हा तरी, पोरांनो, तुम्हाला तिला इथे आणावे लागेल. लोक काय म्हणतील, याला तुम्ही भिता. तिला त्या गादीवर निजवा. इद्दत सरल्यावर परत गॅलरीत नेऊ नका, हात जोडतो.

इतकी वर्षे तुमच्याकडे मागूनही ती आली नाही. आता मी मेलो की येईल.

सही: बादशाह कासम पिंजारी

साक्षीदार: मानसिंग बाबुराव देवकाते, शेजारी
साक्षीदार: अजित विठ्ठल खोमणे, कारखान्यातला जुना कारागीर

ठिकाण: बारामती
दि. ११ फेब्रुवारी २०२५