अण्णांच्या ओळी

मु. सावरखेडी, ता. अंबड,
जि. औरंगाबाद
शुक्रवार, ता. ६ ऑक्टोबर १९७८

सौ. प्रभावती अक्का हिस,

तातेरावचा सप्रेम जय भीम. दाजींना माझा जय भीम सांग. बेबीनंदाला आणि नव्या बाळाला मामाकडून गोड पापे. तुझा सव्वा महिना सुखरूप पार पडल्याचे दाजींच्या कार्डावरून समजले, बरे वाटले. इकडे आम्ही तिघे आहोत.

पुढे लिहिण्याआधी एक विनंती करतो. तुझी सवय मला माहीत आहे. माझे पत्र आले की तू आधी ते उलटे करतेस, शेवटी अण्णांनी सांगितलेल्या ओळी असतात त्या वाचतेस, आणि मग माझे पाल्हाळ. दाजी मला एकदा म्हणालेही होते की तुझ्या चार पानांपेक्षा तिला म्हाताऱ्या बापाच्या दोन ओळी गोड लागतात. या वेळी तसे करू नकोस. वरून खाली वाच. बाळ निजलेले असेल तेव्हा वाच.

पाऊस उघडला आहे. कापूस फुटू लागला, माय रोज वेचणीला जाते. शेळी व्याली, दोन्ही करडे जगली. शेजारच्या साहेबरावच्या घरावरचे पत्रे वाऱ्याने उचलले होते, ते आम्ही दोघांनी मिळून बसवले.

आश्विन लागला की माझा लिहिण्याचा हंगाम सुरू होतो, ते तुला ठाऊक आहे. पावसाळाभर कागद दमट असतो, शाई फुटते, काना आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि मला ते सहन होत नाही. आश्विनात कागद कोरडा होतो, पापडासारखा वाजतो. मग शाईची पुडी आणायची, दौतीत कालवायची, आणि गुरुजींकडून मागून आणलेल्या पुस्तकांतली आवडलेली पाने, पुस्तक परत देण्याआधी उतरवून घ्यायची. आठवीत शाळा सुटली आणि दुष्काळात खडी फोडायला गेलो, तेव्हापासूनचा हा नेम. अण्णा म्हणायचे, "तात्या, पुस्तकाला शेपूट आस्तं तं तू त्यालाबी दाव्याला बांधलं आस्तं."

या वर्षी शाईची पुडी आज पहिल्यांदा फोडली. हे पत्र लिहायला.

वाचन मात्र रोज चालू आहे. विहारात वर्षावासाचा ग्रंथ लावला आहे, तो पौर्णिमेला, म्हणजे सोमवारी ता. १६ ला पुरा व्हायला हवा. मध्ये खंड पडला होता म्हणून रोज जास्त पाने घेतो. दिवे लागले की माणसे जमतात. अण्णा त्यांच्या जागी, मधल्या खांबाला टेकून असतात. तू वाचायचीस तेव्हाही तोच खांब त्यांचा होता. एक अक्षर वाचता येत नाही, पण सगळा ग्रंथ कानाने पाठ. राजपुत्र घर सोडून निघतो तो भाग आला की ते पुढे सरकून बसायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, म्हणून त्यांचा जीव राजपुत्रापेक्षा त्याच्या घोड्यात. घोड्याचे नाव तू दरवर्षी चुकवायचीस आणि ते दरवर्षी हात वर करायचे. "थांब पोरी. त्या मुक्या जनावराचं तरी नाव बराबर घे." सगळा विहार हसायचा. तूही हसायचीस, आणि हसता हसता पुन्हा चुकायचीस. तुझे लग्न झाल्यावर वाचन माझ्याकडे आले, तेव्हापासून त्यांना हात वर करायची वेळ आली नाही. मी चुकत नाही. याचा मला अभिमान होता.

या वर्षी तो भाग मी चार वेळा वाचला आहे. का, ते लिहितो.

मागच्या कार्डात अण्णांना थोडे बरे नाही एवढेच कळवले होते. मायने बजावले होते, "ओली बाळंतीन हाय ती. तिला काईबी कळवू नको, दूध आटंल." म्हणून थांबलो. दाजी बाजारच्या दिवशी येऊन बघून गेले आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच त्यांना शपथ घातली होती.

श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडे पेटले होते, त्याची झळ तुमच्याकडेही आली असेल. रोज एखाद्या गावाचे नाव कानावर यायचे. आपल्या गावात कोणी आले नाही. माणसे बोलेनाशी झाली, एवढेच. पण मला झोप लागेना. घर जळाले तर पुन्हा उभे करता येईल, पुस्तके कुठून आणू, हेच डोक्यात. अण्णांना तसे म्हणालो तर ते म्हणाले, "आपूनच जळालो तं वाचनार कोन?" माय हसली. मी हसलो नाही.

परसात जमिनीत खणलेले आजोबांचे धान्याचे पेव दुष्काळापासून रिकामे पडलेले. त्यात मी पुस्तके उतरवली. विहाराचा ग्रंथ, गुरुजींनी दिलेला शब्दकोश, माझ्या उताऱ्यांच्या वह्या. जोंधळा ठेवतात तशी ठेवली. तळाला कडबा, त्यावर मेणकापडात बांधलेले गाठोडे, वर लिंबाचा पाला, तोंडावर दगड आणि दगडावर शेणमातीचा लेप. कुठे फट ठेवली नाही. माझे काम तुला माहीत आहे.

भिण्याचे कारण नाही हे सगळ्यांना कळले तरी मला कळायला पोळा उजाडला. विहारातली माणसे ग्रंथ मागू लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पेव उघडले.

लहानपणी अण्णांनीच आपल्याला शिकवले होते, आठवते? पेवाचे तोंड उघडले की एक रात्र तसेच ठेवायचे. आत वाफ धरलेली असते, ती माणसाला गिळते. मग कंदील सोडून पाहायचा, विझला तर उतरायचे नाही. त्या दिवशीही ते म्हणाले, "उद्या उतरू. रातभर उघडं ऱ्हाऊ दे." घाई मी केली. पाऊस झिरपला असेल, पुस्तके भिजत असतील, असे मला झाले होते. मी म्हणालो की आत दाणा नाही, रिकाम्या पेवात वाफ कशाची? कडबा आणि पाला कुजला असेल, आणि मी फट ठेवलेली नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही. अण्णा माझ्याकडे बघून हसले. "शिकलेलं मानूस म्हनून राह्यलंय, तं आसंल." मी उतरतो म्हणालो तर त्यांनी मला मागे सारले. "तू वर थांब. दोर धर."

माय शेतात गेली होती. आम्ही दोघेच होतो. अण्णा दोर धरून उतरले, खाली गेल्यावर त्याच दोराला गाठोडे बांधले, मी ते वर ओढून घेतले. मग दोर अडकला, आणि अण्णांना काढायला उशीर झाला. माझ्या ओरडण्याने साहेबराव धावत आला. त्याने आत घोंगडी हलवून हवा घातली, तोंडाला ओले फडके बांधून उतरला आणि त्यांना वर आणले.

अण्णा जिवंत आहेत. आधी हे लिहायला हवे होते. अंबडच्या डॉक्टरांनी सांगितले की मेंदूला हवा मिळाली नाही. गेलेले काही परत येईल, किंवा येणार नाही, कोणी सांगू शकत नाही.

तेव्हापासून ते बोललेले नाहीत. घास तोंडाशी नेला की खातात. हात धरला की चालतात, सोडला की तिथेच उभे राहतात. वर मी लिहिले की खांबाला टेकून असतात. त्यांना मी तिथे नेऊन टेकवतो. ते दिव्याकडे पाहत राहतात. माय म्हणते, "त्यायला कळो न कळो, तू वाचीत ऱ्हाय." म्हणून वाचतो.

घोड्याचा भाग पहिल्यांदा मी नीट वाचला. ते पुढे सरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा काढला आणि घोड्याचे नाव जाणूनबुजून चुकवले. चतुराबाई मागून म्हणाली, "आरं तात्या, आज तुला काय झालं?" मी खांबाकडे पाहत होतो. हात वर झाला नाही. तिसऱ्यांदा आणखी मोठी चूक केली, राजपुत्राला वाड्यातून निघू न देता मागे फिरवले. काही नाही. काल चौथ्यांदा वाचताना मी घोड्याला पवळ्या म्हणालो. अण्णांनी हाकलेल्या शेवटच्या बैलाचे नाव. विहारात कोणी हसले नाही. बायकांमध्ये कोणीतरी नाक ओढल्याचे ऐकू आले. अण्णा दिव्याकडे पाहत होते. मी पुढची ओळ वाचली.

अक्का, दोर अडकला नव्हता.

मायला, दाजींना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी तसेच सांगितले आहे. वर तुलाही तसेच लिहिले, आणि ते खोडून काढणार नाही. गाठोडे वर आले आणि मी आधी ते सोडायला बसलो. माझ्याच गाठी, घट्ट मारलेल्या. ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी आली होती. ती आत कुठवर गेली आहे ते पाहायला पाने उलटू लागलो. खालून अण्णा म्हणाले, "तात्या, दोर सोड." मी म्हणालो, "सोडतो." मला ऐकू आले नाही असे नव्हते. मी उत्तर दिले आणि पुढचे पान उलटले. दोन पाने एकमेकांना चिकटली होती. फाटू नयेत म्हणून हलक्या हाताने सोडवत बसलो. ती सुटल्यावर दोर हातात घेतला आणि हाक मारली, तर खालून आवाज आला नाही.

ग्रंथ चांगला राहिला आहे. एकही पान फाटलेले नाही. रोज तोच समोर धरून वाचतो.

आता मागणे. पौर्णिमेला ये. शेवटच्या दिवशी तो भाग पुन्हा घेऊ, आणि तू वाच. माझ्या चुका अण्णांच्या कानाला चुका वाटतच नसतील. मी चुकत नाही हे त्यांना पक्के माहीत आहे, मग मी म्हणेन तेच नाव खरे. पेव उघडले त्या दिवशीही त्यांनी तसेच केले. तुझ्या चुका खऱ्या असतात. तू वाचायला बसलीस, अडखळलीस, तर कदाचित हात उचलतील. नाही तर बोटे तरी हलतील. खरे सांगायचे तर मला तशी आशा उरलेली नाही. पण तू वाचले नाहीस तर ते कधी कळणारही नाही, आणि मी रोज नवीन चूक शोधत बसेन.

सकाळच्या गाडीने जालन्याला उतरून घनसावंगीची एसटी धर. फाट्यावर साहेबराव येईल. बाळाला ऊन लागू देऊ नकोस. मी समोर नको असलो तर विहारात येणार नाही, बाहेर बसेन. मायला दोराचे सांगायचे की नाही ते तू ठरव. मी तिच्यापुढे तोंड उघडतो आणि काहीतरी भलतेच बोलून उठतो.

पौर्णिमेनंतर शब्दकोश आणि वह्या गुरुजींकडे देऊन टाकणार आहे. कागद कोरडा आहे, शाई फुटत नाही, या वर्षीसारखे अक्षर माझे कधी आले नव्हते. तुला दिसतच असेल. मला ते पाहवत नाही.

राहिल्या शेवटच्या ओळी. आज दिवेलागणीच्या आधी नेहमीप्रमाणे वही घेऊन अण्णांच्या पायाशी बसलो आणि विचारले, "अण्णा, अक्काला काय लिहू?" आषाढातल्या पत्रात त्यांनी सांगितले होते, "पोरीला म्हनावं, बदनापूरचं पानी जड हाय, उकळून पेत जाय. आन् ल्योक झाला काय, लेक झाली काय, रडू नको." ते मी त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न सुधारता उतरवले होते. आज टाक धरून बसून राहिलो. शाई टाकावरच वाळली. पुन्हा बुडवली, ती पण वाळली. मग माय वेचणीहून आली आणि मी उठलो.

त्यांच्या नावावर माझ्या मनाचे काही लिहिणार नाही. तेवढे एक खोटे माझ्या हातून होत नाही. खाली जागा सोडली आहे.

तुझा भाऊ,
तातेराव

अण्णा सांगतात की,