‘दाह’ची कार्डं

३ मार्च
शब्दकोशात आजपासून ‘दाह’ची नोंद. संपादक साहेब म्हणाले, "दोन ओळींत उरका." दोन ओळी! आपल्याकडचं मूळ ‘दह्’ — जळणं. इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’चं लॅटिन मूळ — पेटवणं, ज्वाला. शब्द निराळे, पण दुखऱ्या अंगाला हात लावल्यावर दोन्हीकडच्या माणसांना सुचली ती आगच.

४ मार्च
आमचा नियम जुना: बोलण्यातला प्रत्येक दाखला वेगळ्या कार्डावर. सांगणारा आणि तारीख हवीच, नाहीतर कार्ड बाद.
आज खोक्यात अण्णांची, माझ्या डॉक्टर वडिलांची, कार्डं निघाली! दवाखान्यात पेशंट जे बोलायचे ते टिपून अण्णा कोशाला पाठवायचे. ‘डोळ्यांची नुसती आग आग होतेय — शिंपी.’ ‘गळू ठणकतंय, जीव नकोसा झालाय — गवंडी.’ ‘अण्णा, फुंकर घाला ना! — आमची धाकटी, वय सहा, कोपर.’
धाकटी म्हणजे मी. आधी हसले, मग रडूच आलं. टंकलेखिका ओरडली, "अहो बाई, कार्डं भिजतील!"

५ मार्च
अण्णा तपासताना तळहात कधी लावत नसत. उलटा हात. "गरम-गार कळतं ते हाताच्या पाठीला." त्या हाताला स्पिरिटचा वास यायचा. किती आवडायचा मला!
अकराव्या वर्षी माझा गुडघा धरला. सूज नाही, लाली नाही. अण्णांनी उलटा हात ठेवला, बराच वेळ. "गार आहे. नाटकं पुरे, शाळेत जा!" नवव्या दिवशी ऑपरेशन; आत हाडात पू झाला होता. अजून लंगडते मी. महिन्याभरात त्यांनी दवाखाना बंद केला. का? तर म्हणे, "कंटाळा आला." चुकलो, एवढं एकदा म्हणायचं होतं! आई म्हणायची, "सोड गं आता." नाही सोडलं. ते गेले तेव्हाही मी जवळ गेले नाही.

६ मार्च
साहेबांशी कडाक्याचं भांडण. "पेशंटांची बडबड गाळा, जागा नाही." मी हटले नाही. शेवटी म्हणाले, "दाहाच्या पाच लक्षणांपैकी लाली, सूज, ऊब, वेदना, ही चार आहेत. पाचवं कुठाय? तो अवयव कामातून जातो, त्याचं वाक्य आणा. मग ठेवू सगळी."

७ मार्च
मिळालं. खोक्याच्या तळाशी. अक्षर वेडंवाकडं, पण अण्णांचंच.
‘मज्जातंतूंचा दाह. उजवा हात कामातून गेला. पोरीच्या गुडघ्यावर ठेवला, काही कळलंच नाही. हे तिला सांगायचा धीर होत नाही. — सांगणारा: मी.’
खाली नियमाप्रमाणे तारीख. माझ्या ऑपरेशनची.