शिंजीर, जास्वंद आणि शुद्ध राखाडी

२ मार्च, रविवार
आजपासून पक्षी फोटोग्राफी सीरियसली. बाल्कनीतल्या जास्वंदीवर रोज सकाळी एक शिंजीर येतो. अंगठ्याएवढा, बाकदार चोच, उन्हात जांभळा-निळा झगझगतो. पाय मोडून, प्लास्टर घालून आमच्याकडे राहायला आलेली आत्या दिवसभर बाल्कनीच्या दारात बसून त्याच्याशी गप्पा मारते. तो येईपर्यंत म्हणे तिला घर खायला उठतं. त्याचं नाव तिने ‘जावई’ ठेवलंय. वेळेवर येतो, गोड खातो, पाठ फिरवून जातो.
लोक पक्ष्यांचे फोटो भडक करून टाकतात. आपण नैसर्गिक रंगच टिपायचा. महिनाअखेरीला आमच्या फोटोग्राफी ग्रुपचं प्रदर्शन आहे. जावई भिंतीवर लागणार म्हणजे लागणार.

४ मार्च
जावयाचं पोट लालसर आलं. अभ्यास केला. दोष माझा नाही. आजूबाजूचे रंग पक्ष्यावर पडतात, त्याला कास्ट म्हणतात. संशयित: लाल बादली. आत नेली. हिने विचारलं, आता कपडे कशात भिजवू? म्हटलं, कलेसाठी थोडी कळ सोसावी. बादली सध्या माझ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर आहे. भरलेली.

७ मार्च
आज पिवळट झाक. पडदा काढला, पायपुसणं काढलं, दोरीवरची हिची ओढणी काढली. ही म्हणाली, अहो, मीही जाते माहेरी, माझाही रंग पडत असेल. नीट विचार करून सांगितलं की तू तेवढी जवळ उभी राहत नाहीस, गरज नाही. तेव्हापासून अबोला. कारण कळलं नाही.

९ मार्च
भिंत! मूळ तिथेच आहे. रंगाऱ्याला बोलावून शुद्ध राखाडी सांगितला. त्याने हळू आवाजात विचारलं, घरात काही वाईट झालंय का.

११ मार्च
भिंत, कठडा, कुंड्या, सगळं राखाडी. डोळ्यांना काय शांत वाटतं! वासामुळे जावई आला नाही. आत्या दारातून हलली नाही. संध्याकाळी म्हणाली, बाळ्या, रुसला का रे तो?

१४ मार्च
आला!! आत्याने टाळ्या पिटल्या. फोटो हलला. तिला जरा बोललो. बाकीच्या फोटोंत राखाडी अचूक, पण गळ्याशी अजून लाल झाक. स्क्रीनला नाक लावून बसलो आणि चोर सापडला. फुलं.

१५ मार्च
सगळी फुलं खुडली, कळ्यांसकट. आता परका रंग शिल्लक नाही. आत्या बघत होती, मग पाठ फिरवून बसली. पटलं असावं.

१८ मार्च
जावई नाही. हवामान.

२१ मार्च
नाही. बहुधा स्थलांतर. आत्या दोन घास खाऊन ताट सरकवते. प्लास्टर आवळत असेल.

२३ मार्च
शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची बाल्कनी गुलाबी, कुंड्या निळ्या, फुलं वाट्टेल त्या रंगाची. अभिरुचीच्या नावाने बोंब. जावई तिथे आहे.
दुपारी ही आत्याला हाताला धरून, खुर्चीसकट तिकडे सोडून आली. चहापुरतं, म्हणे. दिवे लागले तरी पत्ता नाही.

२५ मार्च
आत्या आता सकाळचं आवरलं की तिकडेच. हसल्याचा आवाज येतो. भिंतीला कान लावला की जास्त स्पष्ट येतो.

२९ मार्च
फोटो द्यायचा आज शेवटचा दिवस. राखाडी शर्ट घालून सकाळपासून आत्याच्या जागेवर बसलो. अखेर पक्षी आला. कबुतर. पण रंग तंतोतंत! कास्ट शून्य! हिला दाखवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा धड बोलली. म्हणाली, भिंत छान आलीय, पक्षी कुठाय?

संध्याकाळी
शेजारून फोटो आला, आत्याने मोबाइलवर काढलेला. जावई, मागे गुलाबी भिंत, कोपऱ्यात प्लास्टरमधून डोकावणारा पायाचा अंगठा. खाली लिहिलंय: ‘तुझी चौकशी करत होता.’ रंग साफ चुकलाय. चार वेळा बघितला. ती शेजारी असतानाही घर खायला उठतं हे कुणाला सांगणार?
प्रदर्शनाला काही पाठवलं नाही. जास्वंदीपाशी जाऊन आलो. पानांच्या आड एक कळी सुटलीय, एवढीशी, लालभडक. हात लावला नाही. तडक शेजारी जाऊन आत्याला सांगितलं, एक कळी उरलीय, आता चल घरी.
आत्या म्हणाली, उमलली की बोलाव.