विचारून सांगतो

प्रिय मास्तर,

पत्र उघडताना घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझा गुडघा आहे तसाच आहे आणि झोपेचंही तेच. तू रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस का, ते आधी कळव. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तोंडी तुझ्यासाठी मास्तरच येतं. बसचा कंडक्टर तो मास्तर, ही आम्हा ड्रायव्हरांची सवय काही सुटत नाही. सून म्हणते, फोन करा ना. पण मला फोनवर सुचत नाही, आणि जे विचारायचंय ते तर मुळीच नाही.

सून घर आवरायला काढते तेव्हा मी डेपोत जाऊन कंट्रोलरच्या खिडकीखालच्या बाकावर बसतो. मागच्या महिन्यात एक गंमत पाहिली. सकाळच्या पाळीतल्या एकामागून एका ड्रायव्हरचा गुडघा दुखायला लागला. आदल्या दिवशी आवारात चेंडू लाथाडणाराही लंगडत आला. मला वाटलं साथ आली की काय, मी स्वतःचाही गुडघा चाचपून पाहिला. मग कळलं, दुखणं गुडघ्याचं नव्हतं, नव्या कंडक्टरचं होतं. कुणीतरी त्याला लग्नाचं विचारलं होतं. तो म्हणाला, घरी माझा जोडीदार आहे, पुरुष आहे, आम्ही एकत्र राहतो. पुढचा स्टॉप कुठला ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात. तेव्हापासून त्याच्याबरोबर ड्यूटी नको, म्हणून सगळे लंगडे.

कंट्रोलरबाई खमक्या आहेत. भिंतीवर नवा नियम लावलाय, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. कोण कुणाबरोबर राहतो यावरून ड्यूटी नाकारायची नाही, आणि कर्मचारी असो की प्रवासी, कुणाला त्यावरून छळायचं नाही. गुडघा दुखतो त्यानं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणावं, नाहीतर बिनपगारी घरी बसावं, म्हणाल्या. चहा निवायच्या आत सगळे बरे. एवढं गुणकारी औषध मला अजून कुठल्या डॉक्टरनं दिलेलं नाही.

पण गाड्या सुटल्या म्हणजे अबोला सुटला असं नाही. त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर त्याच्याशी बेलपुरताच संबंध ठेवतो. तो चहाला आला की बाकीच्यांना काहीतरी काम आठवतं. मला काही राहवेना. एका दुपारी मुद्दाम त्याच्या बसमध्ये बसलो, नुसती बेल ऐकायला. हसशील, पण पोरगा तुझ्यासारखी बेल देतो रे. म्हातारं माणूस नीट टेकेपर्यंत थांबतो, मग हलकेच दोनदा. तुझी डबल बेल आली की मी आरशात बघायचो नाही, आठवतं?

मग मागच्या सीटकडे नजर गेली आणि आपल्या गाडीत तिथं बसणारा शिंपी आठवला. दुपारी दुकान बंद करून थर्मास घेऊन बाजाराच्या स्टॉपवर चढायचा आणि अख्खी फेरी मारून तिथंच उतरायचा. तू त्याला कधी फुकट नेलं नाहीस, रीतसर तिकीट फाडायचास. मला नवल वाटायचं, या माणसाला जायचंय तरी कुठे. गेल्या वर्षी तो वारल्यावर तुझ्याकडे आलो, तर त्याचं शिलाई मशीन तुझ्या खिडकीपाशी. तुला तर साधं बटण लावता येत नाही. मी काही विचारलं नाही, चहा पिऊन आलो.

असो. त्याच फेरीत एक तृतीयपंथी बाई चढल्या आणि मागच्या दोघांनी टिंगल सुरू केली. पोरानं एकच बेल दिली, बस थांबली. म्हणाला, गप्प बसा नाहीतर उतरा, तोवर गाडी हलणार नाही. लोक कुरकुरायला लागले. मी उठायला गेलो, तर काठी सीटखाली गेलेली. एवढ्यात ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. महिनाभर अबोला धरलेला माणूस, मागं वळूनही पाहिलं नाही, पण इंजिन बंद. दोघं शिव्या देत उतरले. बाई पुढं येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनीच माझी काठी काढून दिली.

दोघांनी वर तक्रार केली, ती कंट्रोलरबाईंनी फेटाळली. तरी पोरगा थकलाय. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जागा रिकामी आहे. छत्र्या आणि डबे सांभाळायचे, कुणाचं तोंड बघायला नको. कंट्रोलरबाई म्हणतात, मी तुला गाडीवरून काढणार नाही, तूच ठरव. पुढच्या शुक्रवारी त्यानं सांगायचंय.

काल तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी इथं माझ्यासारखा कुणी होता का? रिटायर होईपर्यंत टिकला का?" मी घाबरलो, काही चुकीचं बोलून बसलो तर. म्हटलं, "विचारून सांगतो." कुणाला, ते सांगितलं नाही, तुझी शपथ.

तर मास्तर, विचारतोय. उत्तर द्यायचं नसेल तर नुसतं गोळीबद्दल लिही, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण यावंसं वाटलं तर शुक्रवारच्या आत ये. बाजाराच्या स्टॉपवर दुपारी त्याचीच गाडी येते आणि मागची सीट बहुतेक रिकामी असते. तिकीट मात्र काढावं लागेल, तो काही सोडायचा नाही.

तुझाच,
ड्रायव्हर