कुर्स्कची सरहद्द

७ ऑगस्ट २०२४, कमलनगर

युक्रेनचं सैन्य रशियात घुसलं! टीव्हीवर नकाशा दाखवायलेत — कुर्स्क. हे तिथंच आहेत. एजंटानं गोदामावर वॉचमनची नोकरी म्हणून नेलं, तिथं उतरल्यावर न समजणाऱ्या कागदावर सही घेतली अन् सैन्यात घातलं. उन्हाळ्यापासून सरहद्दीवर खंदक खणायलेत.

फोन लागत न्हाई.

८ ऑगस्ट

सासूबाई विचारायल्यात, "कामून रडायलीस? माझ्या प्रेमानंदला काय झालं?"

"कांदा चिरायले," म्हटलं. टीव्हीची पिन काढून टाकली.

९ ऑगस्ट

फोन आला! मागं नुसता धडाधड आवाज. "राजश्री, रणगाडे आलेत. आमचा साहेब गाडी घेऊन पळाला. आम्ही सुद्झाजवळ तळघरात हाव. आईला सांग—"

कट. काय सांगू आईला?

१२ ऑगस्ट

दीर धम्मानंद भावजींसोबत बीदरला जाऊन कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. "वर कळवतो," म्हणाले. येताना विहारात बसले. रोजची वंदना — पण आज पुढचे शब्दच आठवेनात.

१५ ऑगस्ट

सुद्झा शहर पडलं. ह्यांचं तळघर तिथंच जवळ.

प्रेरणा शाळेतनं कागदी झेंडा घेऊन आली. "आई, पप्पा कोणाकडून लढायलेत?"

मी तिच्या वेण्या सोडत बसले.

१९ ऑगस्ट

भावजी पळतच आले. मोबाइलवर व्हिडिओ — युक्रेनवाल्यांनी धरलेले सैनिक भिंतीला टेकून बसलेत, हात बांधलेले. त्यात हे! दाढी वाढलीय, डोळा सुजलाय. पण जिवंत!

मग सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइलच छातीशी धरला. "धरणाऱ्यांचं भलं होवो," म्हणाल्या. ज्यांच्या भीतीनं झोप न्हाई, त्यांनाच मी पण हात जोडले. आता खंदक न्हाई, बाँब न्हाई. कैदेत तर कैदेत! किती दिवसांनी भाकरी गोड लागली.

१४ सप्टेंबर

कैद्यांची अदलाबदल झाली, बातमीत सांगितलं. सासूबाई लगेच साखर घेऊन गल्लीत गेल्या — "माझा प्रेमानंद सुटला!"

तेवढ्यात ह्यांचा फोन. आवाज अगदी बारीक. "सुटलो म्हणू नको, राजश्री. रशियाला परत दिलं मला. सोमवारी पुन्हा सरहद्दीवर न्यायलेत."

बाहेर सासूबाई अजून साखर वाटायल्यात.