शिंगाच्या मुठीचा चाकू

रविवार संध्याकाळ, भोर

हात स्वस्थ बसत नाहीत. चाकू सारखा उघडतोय, मिटतोय. इतकी वर्षं घडीचे चाकू जमवतोय, पण शिंगाची अशी मूठ पाहिली नव्हती. आज वेल्ह्याच्या वरच्या वाडीत शेळ्या राखणाऱ्या ठकूबाईंनी शेळीच्या गळ्यातला दोरीचा फास या चाकूनं झटक्यात कापला, आणि मी तिथंच थांबलो.

विकता का, म्हणून विचारलं.

"इकला तर म्या कशानं कापू?"

बदल्यात पिशवीतला नवाकोरा चाकू पुढं केला. त्यांनी बोटानं धार पाहिली आणि परत दिला. "तुमच्या खिशातला दावा."

खिशातला! ऑफिसला जातानाही रोज जवळ असतो तो. कॉलेजात असताना बाबांनी दिलेला, पातं झिजत आलेलं.

"ह्यो वापरातला हाय. ह्यो द्या, माजा घ्या."

दिला मी. वेडेपणा झाला का? शिंगाची मूठ पाहून भान सुटलं खरं. घरी येऊन भीतभीतच भोंगवलीला बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "शिंगाची मूठ? मग फोनवर काय सांगत बसलास? आण की हिकडं."

निघतोच आता.