निळ्या टोपीचं गेट

६ नोव्हेंबर १९९५
इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात आजपासून वॉचमन. उंब्रजहून निघताना बायकोनं, राजेश्वरीनं भाकरी-पिठलं बांधून दिलं आणि आता तरी माणसांत या म्हणाली. घ्या! सतरा वर्षं फौजेत काढली, शेवटचं वर्ष आफ्रिकेत शांतिसेनेत, ती काय माणसं नव्हती? माझ्याकडं मागचं गेट. आत साहेबलोकांची कॉलनी, समोर ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या. पत्र्याची केबिन, खुर्ची, दोन वेळा चहा. लय झकास. सुपरवायझर लालासाहेबांनी शांतिसेनेची निळी टोपीच घालायला लावली, कारखान्याची शान वाढते म्हणे. हुकूम एकच, पास नसलेल्याला गेट उघडायचं नाही.

९ नोव्हेंबर
ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. सकाळभर कोयत्यांना धार लावण्याचा आवाज. मी रेडिओ मोठा केला. मनुबाई नावाची तोडकरीण गेटजवळच्या नळावर पाणी भरते. तिनं विचारलं, टोपी पोलिसाची का? मी ऐटीत सांगितलं, त्याहून मोठी, ही दिसली की जिवाला भ्या नाही. तिकडं आफ्रिकेतही आम्ही लोकांना हेच सांगायचो. आज उगाच बोललो.

१४ नोव्हेंबर
दुपारी बाराला गेटवर एक बाई. पिवळं फडकं गुंडाळलेली, दोन्ही हातांनी गज धरलेले. तिकडची. तिकडं आमच्या छावणीच्या गेटवरही ती अशीच उभी होती आणि मागून कोयतेवाले येत होते. तिकडच्या साहेबांचा हुकूम होता, त्यांच्यातलं भांडण आहे, आपण पडायचं नाही. किल्ली माझ्याच खिशात होती. मी हुकूम पाळला.
आजही ती तोच शब्द म्हणत होती. दुभाष्यानं मला अर्थ नंतर सांगितला होता. उघडा.

१८ नोव्हेंबर
रोज बाराला येते. लालासाहेबांना दाखवली, त्यांना नुसता रस्ता दिसला. एक उपाय सापडलाय. मान खाली घालून रामरक्षा म्हणायची, अजिबात बघायचं नाही. संपेपर्यंत जाते.

२१ नोव्हेंबर
मनुबाईचं डोकं फुटलंय. नवरा दारू पिऊन मारतो, कोयता घेऊन मागं लागतो. मी लालासाहेबांना सांगितलं, तिला कॉलनीत ठेवून घेऊ.
"त्यांच्यातलं भांडाण हाय. आपुन पडायचं न्हाई."
हेच शब्द. तिकडच्या साहेबांचे.

२४ नोव्हेंबर
बाराला गज हलले. मी मान खाली घातली. रामरक्षा. आज ती फार ओरडत होती. मी मोठ्यानं म्हटली. मग सगळं गप्प झालं.
नंतर ध्यानात आलं— ती मराठीत ओरडत होती.
"दादा, उघडा. टोपीवालं दादा."
गजाखाली हिरव्या बांगड्यांच्या काचा. मनुबाई— माझ्या टोपीकडं बघून आली ती—

२५ नोव्हेंबर
मनुबाईच्या खुनासाठी नवऱ्याला पोलिसांनी नेलं. लालासाहेब म्हणाले, तुमची चूक नाही, तुम्ही हुकूम पाळला. तिकडंही असंच म्हणून मला मेडल दिलं होतं.
जेवण जात नाही. राजेश्वरीला काय लिहू—

२६ नोव्हेंबर
बारा. दोघी आल्यात. टोपी नळाखाली फेकली. जात नाहीत.

कुलूप काढलं. गेट सताड उघडं. या म्हणतोय— या बायांनो—

आत येत नाहीत. नुसत्या बघतात.

धार लावायचा आवाज. पण टोळ्या तर सकाळीच उसाच्या फडात—

दोघी बाजूला झाल्या. मागच्यांना वाट देत—